आधी ओझं ठरव, मग गाडी

पत्र असं आहे :

"मॅडम, मी छत्रपती संभाजीनगरला चित्रकला महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. गाव गेवराईकडचं. आमच्या वर्गातल्या १४ जणांनी मिळून एक मोठं चित्र करायचंय. विषय 'पन्नास वर्षांनंतरचा आठवडी बाजार'. भिंत २८ फूट लांब, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला २ फूट. प्रत्येकाने एक पात्र आणि त्याचं वाहन तयार करायचं. मी 'ज्वाला' नावाची एक योद्धा केली. अंगावर चिलखत, काटेरी मोटरसायकल, पाठीवर दोन तलवारी. दोन आठवडे जागून केली. सरांनी बघितलं आणि एवढंच विचारलं, 'ही बाजारात काय घ्यायला आली?' मला उत्तर देता आलं नाही. शिवाय माझ्या गाड्यांची चाकं कायम वाकडी दिसतात. गटातही भांडणं सुरू आहेत. एकाचा ट्रक तिघांची जागा खातोय, एक जण सगळं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब करतोय, तर एकीची माणसं मोठ्या डोक्यांची, कार्टूनसारखी. शेजारी शेजारी ठेवलं की काहीच जुळत नाही. खरं तर आधी माझ्या डोक्यात वेगळंच होतं. माझे आजोबा सायकलवर कल्हई करत गावोगाव फिरायचे. आता घरीच असतात. पण मैत्रिणी म्हणाल्या, 'हे कोण बघणार?' म्हणून मी ते सोडून दिलं. काय करू?"

पोरी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना चाकांचा आणि ट्रकचा विचार करत होते. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या चार ओळींवर थांबले, आणि अजून तिथेच आहे.

सरांचा प्रश्न तुला टोमण्यासारखा लागला असेल. पण पात्र आणि वाहन करणाऱ्याला विचारावा असा तोच पहिला प्रश्न आहे. माझं लहानपण परभणीकडच्या एका खेड्यात गेलं. आमच्या गल्लीच्या टोकाला सुतारकाम चालायचं. नवी बैलगाडी करून घ्यायला कुणी आलं की सुतारकाका लाकूड दाखवायच्या आधी विचारायचे, "वाहायचं काय?" कडबा वाहायचा असेल तर साटी लांब-रुंद, दगड-माती वाहायची असेल तर आख, म्हणजे चाकांमधला दांडा, दणकट, आणि लेकी-सुनांना माहेरी पोचवायचं असेल तर हलकी, वरून झाकलेली दमणी. म्हणजे माणूस तोच आणि बैलही तेच, पण ओझं बदललं की गाडी बदलायची. चाकावर लोखंडी धाव बसवायचा दिवस आम्हा लेकरांना सणासारखा वाटायचा. गोवऱ्यांच्या आरात लाल केलेली धाव लाकडी चाकावर चढवायची आणि वरून भसाभस पाणी ओतायचं. लोखंड आकसून लाकडाला असं आवळायचं की आरे करकरायचे. ते सगळं पुढे त्या गाडीवर जे ओझं पडणार त्यासाठी असायचं. सजावट पोळ्याला.

तुझ्या ज्वालेच्या गाडीवर ओझंच नाही, सगळी सजावट आहे. तलवारी आहेत, पण बाजारात त्यांचं काम नाही. काटे आहेत, पण गर्दीतून गाडी काढताना ते कुणाच्या पिशवीत अडकतील याचा विचार नाही. म्हणून ती कुठूनही आलेली वाटते, कुठल्याही चित्रात बसेल अशी. तू मेहनत कमी केलीस असं मी म्हणत नाही. पत्रासोबतचे फोटो बघितले, चिलखताची कडी न् कडी तू काढली आहेस. पण तपशिलावर तपशील चढवून पात्र जिवंत होत नाही. त्याला काय पोचवायचंय, कुणाकडे, कुठल्या रस्त्याने, हे ठरलं की निम्मे तपशील आपोआप गळतात आणि उरलेले बोलायला लागतात.

आपल्या भाषेत 'वाहन' हा शब्दच बघ ना. एसटीही वाहन आणि गणपतीचा उंदीरही वाहनच. जो वाहतो तो. देवाचं वाहन नुसतं बसायला नसतं, ते त्या देवाबद्दल काही सांगत असतं. एवढा मोठा लंबोदर आणि खाली एवढासा उंदीर, त्या विजोडपणातच सगळी गंमत आहे. तुम्ही चौदा जण एक काम करा. एसटीने वेरूळला जा. संभाजीनगरहून तीसेक किलोमीटर आहे, फक्त मंगळवारी लेणी बंद असतात हे लक्षात ठेवा. कैलास तर बघालच. त्याच्या खालच्या थरातले हत्ती सगळं मंदिर पाठीवर घेऊन उभे असल्यासारखे वाटतात, त्यांच्यासमोर तासभर बसा. पण तुमच्या कामाची खरी जागा १४ नंबरच्या लेण्यात आहे, तिथल्या सप्तमातृका. सात देवी ओळीने बसलेल्या आणि प्रत्येकीच्या खाली तिचं वाहन कोरलेलं : हंस, बैल, मोर, गरुड, वराह, हत्ती, घुबड. बैठक सगळ्यांची एक, उंची सारखी, मापही सारखं. एवढं सगळं सारखं ठेवल्यामुळेच खालच्या वाहनावरून कोण कुठली ते ओळखू येतं. तेरा-चौदाशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी तुमच्या गटाचा प्रश्न सोडवून ठेवलाय. तिथे बसून स्केच करा, नुसते फोटो काढून परत येऊ नका.

ओझं पात्राला कसं घडवतं याचं आपल्याकडचं एक ताजं उदाहरण देते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं गेलं. तू तेव्हा शाळेत असशील. पहिल्या फेरीला १० वाघिणी, म्हणजे मालगाडीचे टाकीवाले डबे, होत्या, त्यात साधारण ५ लाख लिटर पाणी. पुढे ५० वाघिणींची गाडी यायला लागली. वाघिणी तशा साध्याच, लोखंडी, गोल पोटाच्या, रोज कुठल्या ना कुठल्या मालगाडीला दिसतात तशा. पण त्यांच्या पोटात पाणी भरलं आणि लोक रुळांच्या कडेला गाडी बघायला उभे राहिले. त्या गाडीला नाव मिळालं, जलदूत. रंग बदलला नव्हता, आकार बदलला नव्हता, फक्त ओझं बदललं आणि मालगाडीचं पात्र झालं.

आता तुझ्या आजोबांकडे येऊ.

कल्हईवाला म्हणजे पात्र आणि वाहन यांची बांधून तयार असलेली जोडी आहे. सायकलला काय काय लटकलेलं असायचं ते आठव. भाता, कोळशाची पिशवी, सांडशी, कथिलाची कांडी, नवसागराची पुडी, कापूस. झाडाखाली सायकल लावायची, जमिनीत छोटा खड्डा करायचा, भात्याचं तोंड त्यात सोडायचं आणि "कल्हईऽऽ" अशी आरोळी द्यायची. मग घराघरांतून पितळी भगुणी, पराती, तांबे यायचे. चिंचेचं सार किंवा ताक बिनकल्हईच्या पितळेत ठेवलं की कळकतं, म्हणून बायका वाटच बघत असायच्या. भांडं घासून तापवायचं, आत नवसागर भुरभुरायचा, पांढरा धूर उठायचा, नाकाला झोंबायचा. मग कथिलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने सर्रकन हात फिरवला की काळपट भांडं आतून चांदीसारखं व्हायचं. आम्ही पोरं तो एक क्षण बघायला तासभर उन्हात बसायचो. तुझ्या मैत्रिणी विचारतात हे कोण बघणार. मी सांगते ना, गावातली सगळी लेकरं बघायची. ज्याच्याभोवती लोक आपणहून गोळा व्हायचे त्याच्यापेक्षा चांगलं पात्र तुला कुठल्या तयार चित्रसंग्रहात सापडणार आहे?

आणि ज्वालेला फेकून देऊ नकोस. विस्तवाशेजारी बसून काम करणाऱ्या बाईला 'ज्वाला' यापेक्षा चांगलं नाव मला तरी सुचत नाही. तलवारी काढून तिच्या हातात सांडशी दे. चिलखताच्या जागी ठिणग्या झेलणारा जाड कापडाचा किंवा चामड्याचा एप्रन दे. तुझ्या त्या कड्या काढायच्या कौशल्याला भरपूर काम मिळेल.

आता विचार ओझ्यापासून सुरू कर. तिच्या गाडीवर आग आहे. म्हणजे आगीजवळचा भाग प्लास्टिकचा चालणार नाही. तिथे लोखंड, माती, वीट असलं काही हवं, आणि ते काळवंडलेलं हवं. तिचं काम बसून चालतं, म्हणून उंच सीटची मोटरसायकल तिच्या उपयोगाची नाही. गाडी एक तर बुटकी हवी, नाही तर थांबली की खाली बसणारी, उंट बसतो तशी. रिकामी येताना गाडी हलकी आणि दुपारी गावभरच्या भांड्यांनी लदलेली. म्हणजे भांडी अडकवायला आकडे, दांड्या, जाळ्या हव्यात. घासलेली आणि न घासलेली भांडी वेगळी ठेवायला दोन बाजू हव्यात. एका बाजूला काळपट पिवळा रंग, दुसऱ्या बाजूला चमक. बघ, तुझी रंगयोजना इथेच झाली की!

तिच्या शरीराचाही विचार असाच कर. आयुष्यभर उकिडवी बसलेली बाई कशी उभी राहते? एक खांदा दुसऱ्यापेक्षा भरलेला असेल, भाता ओढणारा. डोळे धुराने बारीक करायची सवय. पुढच्या हातावर जुने चटके. हे सगळं तू आजोबांच्या अंगावर बघू शकतेस, विचारू शकतेस. चेहरा सगळ्यात शेवटी कर. विद्यार्थी चेहऱ्यापासून सुरू करतात, मग सगळ्यांची पात्रं एकाच घरातली बहीण-भावंडं दिसतात.

पन्नास वर्षांनंतर कल्हई का लागेल, कोळसा मिळेल का, हे तू ठरव. मला एक सुचलं ते सांगते, पटलं तर घे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. सूर्याची किरणं एका जागी गोळा करणाऱ्या मोठ्या अंतर्गोल आरशाने एवढी उष्णता मिळू शकते. आपल्याकडे दुसरं काही कमी असेल, ऊन कमी नाही. समज, तिच्या गाडीवर एक भली मोठी, आतून लखलखीत परात उभी आहे. तीच तिची भट्टी. लांबून गाडी ओळखू येते ती त्या परातीवरून. आतून चमकवण्याचं काम करणाऱ्या बाईची भट्टीही आतून चमकणारी. आणि या परातीचा तुझ्या अख्ख्या गटाला एक फायदा होईल, तो पुढे सांगते.

कल्पना कागदावर आली की ती चालते का ते तपासायची माझी एक जुनी रीत आहे. पात्र गाडीवर ऐटीत बसलेलं काढू नकोस, उतरताना काढ. उतरताना हात कुठे टेकते? पहिला पाय कुठे ठेवते? पदर किंवा ओढणी कशात अडकते? थांबल्यावर गाडी कशावर उभी राहते? आगीच्या बाजूने उतरते की दुसऱ्या? हे एक चित्र जमलं की गाडी खरी झाली. नाही जमलं तर गाडीत कुठे तरी खोट आहे, मग ती कितीही देखणी असो. त्यानंतर समोरून, बाजूने, मागून, तिरकं अशी नेहमीची चित्रं कर. ती लागतातच, कारण दुसऱ्या कुणाला तुझं पात्र मागच्या बाजूने रंगवायची वेळ आली तर त्याला अंदाज लावत बसायला नको. पण उतरतानाचं आधी. मग पात्र आणि गाडी दोन्ही मिळून नुसती काळ्या रंगाने भरून टाक, आतली एकही रेघ नको, आणि दहा पावलं मागे जाऊन बघ. एकच अंधारा गोळा दिसत असेल तर हात अंगापासून सोडव, परात वर उचल, भांड्यांच्या मधून थोडं आभाळ दिसू दे.

चाकांचं दुखणं सोपं आहे आणि बहुतेकांना असतं. कागदी पत्रावळीसारखी ताटली घे, मधोमध पेन्सिल आरपार घाल. पेन्सिल म्हणजे आख. आता ताटली हातात फिरवत बघ. ताटली तिरकी झाली की लंबगोल दिसते, आणि त्या लंबगोलाचा जो आखूड व्यास असतो तो कायम पेन्सिलीच्या दिशेतच असतो. कसंही फिरव, हे बदलत नाही. तू काय करतेस, चाक जमिनीवर उभं असतं म्हणून लंबगोलही सरळ उभा काढतेस आणि आख मात्र तिरका जातो. म्हणून चाक निखळल्यासारखं दिसतं. आधी आखाची रेघ काढायची, तिला काटकोनात लांब व्यास, मग लंबगोल. बसस्टँडवर जाऊन रोज वीस चाकं काढ, रिक्षाची, एसटीची, उसाच्या टायरगाडीची, ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकाची. आठवड्यात हात बसेल. आणखी एक, ओझं असलेल्या गाडीचं टायर जमिनीला टेकतं तिथे किंचित दबलेलं काढ. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १० हजार लिटरचा टँकर १० टन पाणी घेऊन उभा असतो, आणि ते त्याच्या टायरांवरून लगेच कळतं. तुझी दुपारची गाडीही तशी दबलेली दिसली पाहिजे.

आता गट. इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी नऊ मुलांना दिंडीचं लांब चित्र दिलं होतं. प्रत्येकाला एक कागद दिला आणि म्हटलं, आपापल्या घरी करून आणा, मग जोडू. मुलांनी जीव ओतून केलं. जोडायला घेतलं तर एकाचा वारकरी दुसरीच्या रथाएवढा, एकीचं क्षितिज कमरेला, शेजारच्याचं डोक्याच्या वर, सूर्य दोन्हीकडून. दोन मुली वर्गातच रडल्या. त्यांची चूक काहीच नव्हती. माप मी आधी द्यायला हवं होतं. त्या दिवसापासून एकत्र चित्र असलं की पहिला दिवस चित्र काढण्यात घालवायचा नाही, ठरवण्यात घालवायचा, हे मी कधी मोडलं नाही.

तुम्ही पहिल्यांदा माप ठरवा. समजा, पुढच्या रांगेतलं सगळं खऱ्याच्या पाव आकाराचं. मग ५ फूट ४ इंचांची बाई भिंतीवर १६ इंचांची झाली. तुझ्या २ फुटांत खरी ८ फूट जागा मावते. सायकल साधारण ६ फुटांची, ती आरामात बसली. पण वीस-बावीस फुटांचा ट्रक भिंतीवर ५ फुटांच्या वर जाणार. म्हणजे तो मुलगा दादागिरी करतोय असं नाही, त्याचा ट्रक खरोखरच तेवढा आहे. त्याला ट्रक लहान करायला लावू नका, खोटा दिसेल. ट्रक मागच्या रांगेत घ्या आणि त्याच्या सावलीत तिघांना दुकान मांडू द्या. बाजारात हेच तर होतं. ट्रक रिकामा झाला की त्याच्या सावलीवर आधी कुणी तरी बस्तान मांडतंच. माळेगावच्या यात्रेत किंवा तुमच्या गेवराईकडच्या कुठल्याही बाजारात जाऊन बघ. मग ट्रकवाल्याची पाच फूट जागा एकट्याची राहत नाही, आणि त्या तिघांना पार्श्वभूमी फुकट मिळते. फक्त ट्रकवाल्याने त्या तिघांसाठी ट्रकचा खालचा भाग साधा, शांत ठेवायचा. हे त्याच्याशी भांडून होणार नाही. त्याच्या शेजारी बसून पेन्सिलने दाखवलंस तर होईल.

दुसरं, क्षितिजरेषा. सगळ्या भिंतीवर दोरी ताणून खडूने एकच रेघ मारा, चित्रातल्या उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. जमीन सपाट असेल तर सारख्या उंचीचं माणूस जवळ असो की लांब, त्याचे डोळे त्याच रेघेवर येतात. लांबचा लहान होतो तो पायांकडून वर सरकतो. लेकरं रेघेच्या खाली, बसलेली ज्वाला खाली, ट्रकच्या टपावरचा पोऱ्या वर. ही एक रेघ चौदा जणांचा बाजार एकाच मैदानात आणते. बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा.

तिसरा उजेड, आणि इथे तुझी परात कामाला येते. तिचं तोंड सूर्याकडेच असलं पाहिजे, नाही तर भट्टी पेटणार नाही. म्हणजे भिंतीसमोर उभा राहणारा माणूस तुझ्या परातीवरून सांगू शकेल की सूर्य कुठे आहे. मग बाकीच्या तेरा जणांच्या सावल्या त्याच्या उलट बाजूला. बाजाराची वेळ सकाळी दहाची धरा, सावल्या फार लांब नाहीत, फार आखूडही नाहीत. गटाला हे सांगताना "माझ्या परातीप्रमाणे सगळ्यांनी करा" असं म्हणू नकोस. आधी सगळ्यांनी मिळून सूर्य ठरवा, मग तू परात फिरव.

हुबेहूब आणि कार्टून यांचं भांडण सगळ्यात अवघड वाटतं, पण एका दुपारी सुटतं. एक तांब्या मधोमध ठेवा. चौदा जणांनी आपापल्या पद्धतीने तो काढायचा, एकाच आकाराच्या कागदावर. सगळे कागद भिंतीला लावा आणि शांतपणे बघा. बाहेरची रेघ किती जाड, सावली सपाट रंगाची की विरघळत जाणारी, चमक पांढरी सोडायची की नाही. या तीन गोष्टींवर एकमत करा आणि बाकी ज्याचं त्याला राहू द्या. ब्लेंडरवाल्या मुलाचं काम वाया घालवू नका. त्याच्या मॉडेलमुळे तुम्हाला गाड्यांचे कोन अचूक मिळतील. त्याला म्हणावं, सगळ्यांच्या गाड्यांचे साधे ठोकळे बनव, ठरलेल्या क्षितिजावरून दाखव, आम्ही त्यावरून रेघ काढतो. ब्लेंडरमध्ये रेघा काढायला ग्रीस पेन्सिल नावाची सोय आहे, ती त्याला माहीत असेलच. मोठ्या डोक्यांची माणसं काढणाऱ्या मुलीलाही अडवू नका. तिने पूर्ण उंची मात्र मापाप्रमाणे ठेवायची, डोकं हवं तेवढं मोठं. बाजारात सगळे एकसारखे कुठे असतात?

रंगांचं थोडक्यात सांगते. दोन रंग सगळ्यांचे एक ठेवा आणि एक रंग ज्याचा त्याचा. सगळ्यांच्या दोनातला एक आपल्या काळ्या मातीचा असावा असं मला वाटतं. आपल्याकडे चाक, पाय, टायर, चपला, सगळ्यांना ती चिकटतेच. तिच्यामुळे चौदा गाड्या एकाच रस्त्याने आल्यासारख्या दिसतील.

आणि एक गोष्ट, जी केली तर तुमचं चित्र चौदा तुकड्यांचं राहणार नाही. प्रत्येकाच्या गाडीवर दुसऱ्या कुणाच्या तरी कामाची एक वस्तू असू द्या. चहाच्या गाड्यावरचं पातेलं तुझ्या ज्वालेकडे कल्हईला आलेलं, अर्धं काळं, अर्धं चमकलेलं. तिच्या पुढ्यात त्या चहावाल्याचा कप. ट्रकवाल्याने तिची परात आणून दिली असेल तर ट्रकच्या फाळक्यावर परातीएवढा गोल ओरखडा. अजिंठ्याच्या २ नंबरच्या लेण्यात एक जहाज रंगवलेलं आहे, शिडांचं, आत रांजण रचून ठेवलेले. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने ते रांजण गाळले असते तरी जहाज ओळखू आलं असतंच. पण त्याने ते काढले, म्हणून ते जहाज कुणाकडून तरी निघून कुणाकडे तरी चाललंय हे आपल्याला कळतं. तुमच्या बाजारातल्या वस्तू अशा इकडून तिकडे जाऊ द्या. कोण कुणाची वस्तू काढणार याची चिठ्ठी टाका, म्हणजे रुसवेफुगवे होणार नाहीत. आणि ज्याची वस्तू काढायची त्याला ती आधी दाखवून घ्यायची.

मैत्रिणींवर रागावू नकोस. त्यांनी कल्हई होताना कधी बघितलीच नसेल. आजोबांची हरकत नसेल तर एक दिवस त्यांना घरी घेऊन जा. घरात एखादं जुनं पितळी भगुणं असेलच. आजोबांना विस्तव पेटवायला जमणार नसेल तर नुसतं सांगू दे, तू त्यांच्या हातांची स्केचेस कर. बोलताना त्यांचे हात आपोआप भाता ओढतील, बघशील.

या रविवारी गावी गेलीस की त्यांना माझ्यातर्फे एवढं विचार : सायकलवर भाता कुठल्या बाजूला बांधायचे, आणि त्याच बाजूला का? उत्तर मलाही कळव. परातीचं पहिलं स्केच त्यासोबत पाठव.